स्ट्रॅटोकास्टर रिव्ह्यू: सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण, ते पाच पोझिशनच्या स्विचला विचारा

आधीच सांगतो, हा एखाद्या कंपनीच्या एखाद्या मॉडेलचा रिव्ह्यू नाही, स्ट्रॅटोकास्टर (लाडाने स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारच्या डिझाइनचा आहे. अमेरिकेत बनलेली खरी, मूळ फेंडर कंपनीची, लाखाच्या पुढे जाते, ते आपलं काम नाही. माझ्याकडे आहे ती त्याच मापाची स्वस्तातली, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे तुकडे), त्यातला कुठला चालू ते ठरवणारा पाच पोझिशनचा स्विच, सूर हलवणारा दांडा म्हणजे व्हॅमी बार, सगळं जागच्या जागी. कुठली घेतली ते विचारू नका, या डिझाइनच्या दहा-पंधरा हजारांपासून पाहिजे तेवढ्या मिळतात. घेण्याचं कारण एकच, आमच्या ग्रुपमध्ये जगातला सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण यावर कायम भांडण चालू असतं, एक पेजवाला (लेड झेपेलिनचा जिमी पेज), एक मेटलवाला, एक पिंक फ्लॉइडचा गिल्मर सोडून बाकी सगळे झूट म्हणणारा, आणि बघायला गेलं तर निम्मे उमेदवार याच गिटारवाले. म्हटलं नुसतं ऐकून किती भांडायचं, तीच वस्तू हातात घेऊन बघू कोण नक्की काय करत होता.

गंमत म्हणजे ज्याने ही बनवली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५४ला ही गिटार आणली, आणि स्वतःला वाजवता येत नसल्यामुळेच असेल, वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. पोटाला कडा टोचतात म्हणाले, तर बॉडी मागून तासून दिली. आजही मांडीवर घेतली की पहिली हीच गोष्ट जाणवते, दोन तास बसलं तरी बरगडीला काही लागत नाही. कम्फर्टला पैकीच्या पैकी. स्विच मात्र त्याने तीनच पोझिशनचा दिला होता, म्हणजे एका वेळी एकच पिकअप. पोरांनी तो स्विच दोन पोझिशनच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचं शोधून काढलं आणि कंपनीला अधिकृत पाच पोझिशन द्यायला १९७७ उजाडलं. म्हणजे या गिटारमधले दोन सगळ्यात गोड आवाज गिऱ्हाइकांनी बनवलेत!

तर स्विच नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, बाजूला ढकला. हा जिमी हेंड्रिक्सचा इलाका. आवाज गोल, जाड, मधासारखा. हेंड्रिक्स डावखुरा, पण उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून तारा फिरवून लावायचा, त्यामुळे ब्रिजचा (तारा बॉडीला जिथे टेकतात तिथला) तिरका पिकअपही त्याच्यासाठी उलट्या दिशेने तिरका, व्हॉल्यूमचा नॉब वरच्या अंगाला. कॉर्ड धरताना अंगठा नेकच्या वरून आणून जाड तार दाबायचा आणि मोकळ्या राहिलेल्या बोटांनी मधेमधे छोटे तुकडे वाजवायचा, म्हणजे ऱ्हिदम (साथ) आणि लीड (मुख्य धून) एकाच हातात एकाच वेळी. माझा अंगठा तिथपर्यंत पोचतो हो, पण तो पोचला की बाकीची बोटं संपावर जातात. रोलिंग स्टोन मासिकाने २००३, २०११ आणि २०२३ अशा भारी गिटारिस्टांच्या तिन्ही याद्यांमध्ये हेंड्रिक्सच पहिला ठेवलाय, आणि १९७० साली २७व्या वर्षी गेलेल्या माणसाला अजून कोणी हलवू शकलं नाही यात नवल नाही, कारण त्याच्यानंतर गिटारकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या.

बाकी त्या याद्या म्हणजे एक वेगळीच करमणूक आहे. एडी व्हॅन हेलन २००३मध्ये ७०वा, २०११मध्ये आठवा, २०२३मध्ये चौथा. एरिक क्लॅप्टन चौथ्यावरून दुसऱ्यावर आणि तिथून थेट पस्तिसावा. आणि रॉबर्ट जॉन्सन, जो १९३८लाच वारला, तो २००३मध्ये पाचवा आणि २०११मध्ये ७१वा. अरे मधल्या आठ वर्षांत त्या बिचाऱ्याने असं काय वाईट वाजवलं? पहिल्या यादीत शंभरात बायका फक्त दोन होत्या, जोनी मिचेल आणि जोन जेट. वीस वर्षांनी सिस्टर रोझेटा थार्प सहावी आणि जोनी मिचेल नववी. जी बाई रॉक अँड रोल हे नाव रुळायच्या आधीपासून इलेक्ट्रिक गिटारवर गॉस्पेल वाजवत होती ती आधी शंभरातही नव्हती. म्हणून यादी घेऊन भांडायला येणाऱ्याला मी आता कुठल्या सालची ते आधी विचारतो.

असो, स्विचकडे या. गिल्मरचा बराचसा धंदा पण याच नेक पिकअपवर आहे, लांब बेंड, मग थांबायचं, मग अजून एक बेंड. वाटतं सोपं. बेंड म्हणजे तार ओढून सूर वर न्यायचा, आणि तो अगदी नेमक्या सुरावर जाऊन थांबला पाहिजे, केसभर कमी पडला तर शेजारी दार लावून घेतो. गिल्मरचा एक सूर सुद्धा कमी पडत नाही, हे मान्य करतो, इथे माझं त्याच्याशी भांडण नाही. त्याची काळी स्ट्रॅट २०१९मध्ये न्यूयॉर्कला लिलावात जवळपास चाळीस लाख डॉलरला गेली आणि ते पैसे त्याने पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला दिले. मात्र जोरात, वेगात, अंगावर येणारं काही वाजव म्हटलं की गिल्मरवाला विषय बदलतो.

आता मधल्या पोझिशन, दुसरी आणि चौथी. काच वाजल्यासारखा, जरा नाकातला, कोरा करकरीत आवाज. हा आवाज दुसऱ्या कुठल्या गिटारमधून असा निघत नाही, नुसत्या एवढ्यासाठी स्ट्रॅट घ्यावी. ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र केले की डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर. १९७८च्या पहिल्या अल्बमपासून हा माणूस पिक (तार छेडायची चकती) न वापरता अंगठा आणि दोन बोटांनी तारा उचलतो, त्यामुळे प्रत्येक सुराचं वजन वेगळं. २००५ला मुंबईत वाजवून गेला, तेव्हा गेलेले लोक अजून तो विषय काढतात आणि न गेलेल्यांना छळतात.

पण या गिटारने माझं मत सगळ्यात जास्त कोणाबद्दल बदललं असेल तर नाइल रॉजर्सबद्दल. आमच्या वादात त्याचं नाव कधी आलंच नव्हतं, कारण तो सोलो वाजवत नाही आणि आमच्याकडे गिटारिस्ट म्हणजे सोलो. एकदा त्याची शीक या बँडमधली १९७९ची ऱ्हिदम बसवायला घ्या. उजवा हात सोळाच्या पटीत अखंड चालू, डाव्या हाताची बोटं तारेवरून क्षणभर उचलायची, परत दाबायची, म्हणजे निम्मे ठोके नुसते खटखट आणि निम्मे सूर, आणि लय एक कणही हलायची नाही. तबलजी पोरांना हे लगेच समजतं, गिटारवाल्या पोरांना नाही. दीड मिनिटात मनगट भरून येतं. त्याची स्ट्रॅट १९६०च्या आसपासची, व्हॅमी बार नसलेली, आणि तिला नावच पडलंय हिटमेकर. १९८३चा डेव्हिड बोवी या गायकाचा अल्बम त्याने केला तेव्हा लीड वाजवायला होता स्टीव्ही रे वॉन, म्हणजे एकाच अल्बमवर दोन स्ट्रॅटवाले, एक लय धरणारा आणि एक तार फोडणारा. लोक आठवण काढतात स्टीव्हीची आणि नाचतात नाइलवर. २०२३च्या यादीत नाइल सातवा आला तेव्हा आमचा मेटलवाला जेवला नाही म्हणे.

स्टीव्हीचं पण एक सांगून ठेवतो, त्याच्या नादाने तेरा नंबरच्या जाड तारा लावू नका. तो अर्धा सूर खाली ट्यून करायचा म्हणून तार जरा सैल पडायची, तरी त्याची बोटं सोलून निघायची. मी लावून बघितल्या, बेंड तर सोडाच, साधा बी कॉर्ड धरताना देव आठवला. नऊ नाहीतर दहा नंबर, बास.

ब्रिज पिकअपवर फार बोलत नाही. मूळ वायरिंगमध्ये त्याला टोनचा नॉबच जोडलेला नाही, त्यामुळे स्वस्त ॲम्पवर कान फाटतो. डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर याच गिटारवरून एवढा रगेल आवाज काढायचा हे खरंच विशेष. त्याच्या १९७२च्या त्या प्रसिद्ध रिफबद्दल (‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरावट) एवढंच, म्युझिकच्या दुकानात ट्रायल घेताना ती वाजवू नका. काउंटरवरचा माणूस दिवसभर तीच ऐकत असतो.

आता व्हॅमी बार, कारण इथेच माझा निकाल लागला. ब्रिज मागून स्प्रिंगांवर तोललेला असतो, बार दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात, सोडला की परत येतात. निदान यायला पाहिजेत. स्वस्तातल्यांमध्ये दोनदा जोरात दाबलं की ट्यूनिंग गेलं. क्लॅप्टनने वैतागून म्हणा की गरज नाही म्हणून म्हणा, आपल्या स्ट्रॅटचा ब्रिज मागून लाकडाचा तुकडा ठोकून बंदच करून टाकला होता. आणि जेफ बेकने उलट केलं. ऐंशीच्या दशकात पिक सोडलं, अंगठा आणि बोटांनी तारा वाजवायच्या, बार त्याच तळव्यात, आणि करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, म्हणजे सूर सुरू होताना आवाज शून्य, मग हळूच वर, मधे बारने थरथर. हे सगळं एका हाताने! लिओ फेंडरने या गिटारला जेवढे भाग दिले तेवढे सगळे एकाच वेळी वापरणारा मला तरी हा एकच दिसतो.

आणि आपल्या कानासाठी पुरावा पाहिजे असेल तर नितीन सॉनीचं नादिया ऐका, १९९९च्या अल्बममधलं, गायलंय स्वाती नाटेकर यांनी. मग बेकने पुढच्या एक-दोन वर्षांत तेच गिटारवर वाजवलंय ते ऐका. बाईंच्या गळ्यातली मींड, मुरकी, सुरावर येण्याआधीचा तो कण, हा इंग्लंडच्या सरेमध्ये वाढलेला माणूस स्लाइड (तारांवर सरकवायची नळी) घेऊन एकेक जागा धरून चाललाय. मी पेजवाल्याला आधी मूळ ऐकवलं, मग हे. त्याची आई शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती, गाणं शिकलेली आहे, ती म्हणाली हे दुसरं कोण गातंय. पेजवाला गप्प. मग मी मीठ चोळलं, झेपेलिनचा पहिला अल्बम ज्या टेलिकास्टरवर (फेंडरचीच दुसरी गिटार) वाजलाय ना, ती पेजला बेकनेच दिलेली. हे खरंय, कुठेही तपासा.

पण स्ट्रॅटच्या बाजूने बोलतोय म्हणून तिचे दोष झाकणार नाही. पहिला दोष, गुणगुण. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तार, ती घरातली वीज पण ऐकते. आपल्याकडे ५० हर्ट्झची घूंऽऽऽ मागे चालूच, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर शेजारी असेल तर विचारूच नका. डिस्टॉर्शन लावलं की अजून वाढते. खुर्ची फिरवून बघा, एका ठराविक दिशेला तोंड केलं की बरीच कमी होते, आमच्या घरी ती दिशा नेमकी भिंतीकडे आहे. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर दोन आणि चार पोझिशनला गुणगुण जाते, घेताना हे दुकानात विचारा. दुसरं म्हणजे पावसाळा. कोकणात नाहीतर मुंबईत असाल तर जूनमध्ये लावलेल्या तारा महिन्याभरात तांबूस होतात आणि नेक पण जरा वाकतो, ट्रस रॉड (नेक सरळ करणारी आतली सळई) फिरवता येत नसेल तर जाणकाराकडून सेटअप करून घ्या.

तिसरा दोष म्हणजे मेटलवाल्याचा सगळा युक्तिवाद. जड, घट्ट, दणकट आवाज या गिटारमधून सहज येत नाही. टोनी आयोमी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमला स्ट्रॅट घेऊनच बसला होता, पिकअप बिघडला म्हणून गिब्सन कंपनीची एसजी उचलली आणि परत मागे वळला नाही, ते पण कारखान्यात दोन बोटांची टोकं गेलेली असताना. आणि व्हॅन हेलनने तर स्ट्रॅटच्या आकाराची कच्ची बॉडी पन्नास डॉलरला आणली, त्यात गिब्सनचा हंबकर (दोन कॉइलचा, जाड आवाजाचा पिकअप) बसवला, कारण त्याला बार पाहिजे होता स्ट्रॅटचा आणि आवाज गिब्सनचा. मेटलवाला म्हणतो बघ, तुझी गिटार अपुरी होती म्हणून एडी मोठा. आता याला काय उत्तर देणार, मुद्दा बरोबर आहे. बी. बी. किंगही यात बसत नाही, चक बेरीही नाही, रोझेटाही नाही, तिघंही गिब्सनवाले. म्हणजे या कोर्टात त्यांची केस चालवताच येत नाही.

तरी माझं मत बेकला. हेंड्रिक्स दुसरा, आणि नाइल तिसरा, ज्याला पटत नाही त्याने आधी दोन मिनिटं ती ऱ्हिदम न थांबता वाजवून दाखवावी.

घ्यायची असेल तर घ्या, पण नवीन असाल तर मागचं झाकण काढून पाचही स्प्रिंगा लावा आणि त्या स्प्रिंगा अडकवलेल्या पंजाचे दोन स्क्रू घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून टाका, ट्यूनिंग टिकेल. बार पिशवीत ठेवा. बेंड सुरात लागायला लागले की मग काढा. स्टार द्यायचे तर चार, अर्धा गुणगुणीचा कापला आणि अर्धा मेटलवाल्याच्या समाधानासाठी.