नॉक्टुआ एनएच-डी१५ : माइकशेजारी चालणारा कूलर

मी कॉम्प्युटरसमोर बसून आवाज रेकॉर्ड करते. माइक आणि कॅबिनेट यांच्यात जेमतेम हातभर अंतर असतं. म्हणून प्रोसेसर किती थंड राहतो यापेक्षा तो थंड राहताना आवाज किती होतो, हे मी आधी बघते. या कसोटीवर नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा प्रोसेसर थंड ठेवणारा हवेचा कूलर मला मनापासून पटलाय.

पण आधी आकाराचं बोलू, कारण पुष्कळांचा निर्णय तिथेच होईल. फॅनसकट वजन १३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे दोन मनोरे, त्यांना जोडणाऱ्या सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि दोन मोठे फॅन, एक पुढे आणि एक मनोऱ्यांच्या मधे. पुढचा फॅन रॅमच्या वर येतो आणि खाली ३२ मिलिमीटर जागा सोडतो. साध्या बुटक्या रॅमला ती पुरते. दिव्यांची उंच रॅम असेल तर फॅन वर सरकवावा लागतो: रॅम ४२ मिलिमीटरची, तर कूलरची उंची १७५. तेवढी जागा बऱ्याच कॅबिनेटमध्ये नसते. काही मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाचा सगळ्यात वरचा स्लॉटही अडतो. ही सगळी मापं विकत घेण्याआधी ताडून बघा.

बसवणं मात्र सोपं आहे. मधला फॅन काढायचा, सोबत आलेल्या लांब स्क्रू ड्रायव्हरने दोन स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, फॅन परत तारेच्या क्लिपांनी अडकवायचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधे लावायची थर्मल पेस्ट डब्यातच मिळते.

आता आवाज. फॅनचा कमाल वेग मिनिटाला १५०० फेरे. सोबतची आवाज कमी करणारी छोटी वायर जोडली की तो १२०० वर येतो, आणि मी कायम तीच लावून ठेवते. पंखा मोठा असला की तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलली जाते. त्यामुळे उरते ती फक्त हवेची खालच्या पट्टीतली सळसळ. रेकॉर्डिंगमध्ये ही सळसळ सॉफ्टवेअरने सहज पुसता येते. पाण्याच्या कूलरमधल्या पंपाची बारीक घूं मात्र शब्दांच्या मधल्या शांततेत टोचत राहते, आणि माझ्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

माझा प्रोसेसर रायझन ९ ५९००एक्स. कागदावर १०५ वॅट, पण पूर्ण ताणात मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत ओढतो. लांब फाइल एक्स्पोर्ट करताना तापमान सत्तरीत राहतं, म्हणजे ९० अंशांच्या मर्यादेपासून बरंच खाली. नुसतं ब्राउझर उघडलं तरी आकडा क्षणभर उसळतो, यात कूलरचा दोष नाही. या प्रोसेसरची उष्णता चिपच्या अगदी लहानशा भागात एकवटलेली असते, ती तांब्याच्या तळापर्यंत पोचायच्या आतच सेन्सर ती टिपतो. प्रत्येक उसळीला फॅन धावू लागला तर तेच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) फॅनचा वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावून द्या. माझ्या मते कुठल्याही महागड्या फॅनपेक्षा या एका सेटिंगचा उपयोग जास्त.

रंग तपकिरी आणि बदामी. मला चालतो, नको असेल त्यांच्यासाठी पूर्ण काळा प्रकार आहे. वॉरंटी ६ वर्षांची. २०२४ मध्ये याचीच पुढची आवृत्ती, आठ हीटपाइपचा जी२, आला. नवा आणि जास्त तापणारा प्रोसेसर घेणाऱ्यांनी तो बघावा. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर या दोहोंपैकी एकाचीही गरज नाही, एका मनोऱ्याचा छोटा कूलर पुरेल.

एक काळजी घ्या. सव्वा किलोहून जास्त वजन उभ्या मदरबोर्डला लटकलेलं असतं. कॅबिनेट हलवायचं झालं तर मदरबोर्ड आडवा राहील असं कुशीवर ठेवून न्या, आणि कुरिअरने पाठवायचं असेल तर कूलर काढून वेगळा बांधा.