नक्षीचे पडदे: दहा महिने आणि एक पावसाळा

कोल्हापुरात फुलेवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, हॉल पश्चिमेला. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर. आमच्याकडं तो बारा महिने असतो, फक्त किरणं देवीऐवजी टीव्हीवर पडतात. गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला. त्यावर जुने मरून पडदे परत लटकवायला जीव होईना, म्हणून नक्षीचे घ्यायचं ठरलं. बजेट पाच हजार, त्यातच सगळं घर.

खरेदी तीन ठिकाणी झाली. हॉलचे कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून, पॉलिस्टरचे, विणीतच पानं-वेल असलेले. ज्याला दुकानदार जॅकार्ड म्हणतात ते. खिडकीचे पाच फुटी ३२० रुपये नग, बाल्कनीच्या दाराचे सात फुटी ४१०. आमच्या खोलीला राजारामपुरीतून सुती, निळ्या छापाचे, ५५० ला एक. मुलाच्या खोलीच्या दाराला ऑनलाइन मागवलेली मोरांची जोडी, ६४९.

गांधीनगरात दुकानदारानं पडदा काउंटरवर चादरीसारखा पसरला. असा पसरला की कुठलीही नक्षी झकास दिसते. भलं मोठं कमळ होतं एकावर, मी भाळलेच होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पडदा काय पसरून लावणार हाईस? चुण्या घालून बघ की.” मुठीत चुण्या घेऊन वर धरला, तर कमळाची निम्मी पाकळी घडीत गडप आणि उरलेलं काहीतरी कोबीसारखं. तयार पडद्याचा पन्हा साधारण चार फूट असतो, त्यात आठ रिंगा. लावल्यावर तो जेमतेम दोन फुटांत गोळा होतो. म्हणून मोठ्या फुलापेक्षा सारखी फिरून येणारी बारीक वेल बरी. घडीत कुठंही मोडली तरी चालून जाते. खाली वीतभर जाड काठ असलेले पडदेही मी नाकारले, कारण आमच्या खिडकीखाली सोफा आहे आणि काठ त्याच्या पाठीमागंच गेला असता.

दुसरी परीक्षा उजेडाची. ती मात्र दुकानात ट्यूबलाइटखाली होत नाही, पडदा दारात नेऊन उन्हाकडं धरावा लागतो. “न्या की ताई, उन्हात न्या, माल पळत नाही,” दुकानदार म्हणाला. छापील पडदा मागून बहुतेक पांढरट असतो. मागून ऊन आलं की पुढची फुलं मळकट दिसतात, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला नुसता फिकट कपडा दिसतो. विणीतल्या नक्षीचं उलटं. जिथं दोरा दाट तिथं सावली, विरळ तिथं उजेड. संध्याकाळी साडेपाचला आमच्या हॉलमध्ये पानं काळपट उठतात आणि मधला कपडा मधासारखा होतो. या एका गोष्टीसाठी मी ते पडदे परत घेईन.

आता चूक सांगते, माझीच. सहा फुटी खिडकीला दोनच पडदे घेतले. चार नि चार आठ, म्हणजे खिडकीपेक्षा मोठेच झाले की, असा हिशोब. बंद केल्यावर ते दोरीवर ताणलेल्या चादरीसारखे दिसले, चुण्या नाहीत, घोळ नाही. कपडा खिडकीच्या दुप्पट लागतो, अगदी चेंगटपणा केला तर दीडपट. दोन महिन्यांनी तिसरा आणायला गेले तर तीच नक्षी, तोच नंबर, पण रंग एक छटा पिवळा. लॉट बदलला होता, वर वीस रुपये जास्त. तो आता मधोमध आहे. कुणी विचारलं तर “मुद्दाम तसं केलंय” असं सांगते.

मे महिन्यात कळलं की नक्षीनं ऊन अडत नाही. उजेड कमी होतो, धग तेवढीच. उजेड पुरता अडवणारे जाड ब्लॅकआउट पडदे परवडत नव्हते, म्हणून ओळखीच्या शिंपीमामांकडून मांजरपाटाचं, म्हणजे कोऱ्या सुती कापडाचं, अस्तर लावून घेतलं. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. मांजरपाट आधी भिजवून वाळवून आणायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, पॉलिस्टर आटत नाही आणि सगळा पडदा गोळा होतो. दुसरं, अस्तराची खालची कड मोकळी ठेवायची, पडद्याला शिवून टाकायची नाही. दुपारी चारला सोफ्यावर बसवत नव्हतं, ते आता बसवतं. पण उजेडातली पानं दिसेनाशी झाली, म्हणून अस्तर फक्त बाल्कनीच्या दाराला ठेवलं आणि खिडकी तशीच सोडली. धग थोडी सोसायची.

सुती पडद्यांवर माझं प्रेम होतं, अजून थोडं आहे. हाताला मऊ, पंख्याच्या वाऱ्यावर छान हलतात. दुकानात ओल्या रुमालानं छाप घासून बघायचा मी विसरले. पहिल्या धुण्यात बादली निळी झाली. मिठाच्या पाण्यात आधी भिजवले होते, पण काही उपयोग झाला नाही. सात फुटांत अडीच इंच आटले, तेवढा पडदा आता लादीच्या वर तरंगतो. मेअखेर परत धुऊन दोरीवर सरळ पसरले तेव्हा खरी गंमत दिसली. दिवसभर कोपऱ्यात सरकवून ठेवलेला पडदा घडीघडीनं उभा असतो. घडीचा जो कणा खिडकीकडं तो विटतो, आतली खोबण निळी राहते. पडद्यावर वरपासून खालपर्यंत फिकट-गडद पट्टे, उसाच्या सऱ्या सोडल्यासारखे. लावलेला असताना काही कळत नाही.

मग पावसाळा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की आमच्याकडं रुमालसुद्धा वाळत नाही, पडद्याचं काय घेऊन बसलात. सुती पडद्याला कुबट वास आला, भिंतीला टेकणाऱ्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढे काळे ठिपके पडले. रिंगांचा मुलामा उडाला आणि त्यांच्याभोवती गंजाची तांबूस वर्तुळं उमटली, ती लिंबानं फिकी झाली, गेली नाहीत. हॉलचे पॉलिस्टरचे मात्र भर जुलैत मशीनमध्ये टाकले आणि पंख्याखाली संध्याकाळपर्यंत परत रॉडवर चढवले. त्यांच्या रिंगा प्लॅस्टिकच्या, दिसायला हलक्या, पण गंजायचा प्रश्न नाही. नक्षीमुळं धूळही दिसत नाही, ही सोय म्हणा की आळसाला निमित्त म्हणा.

ऑनलाइन मोरांबद्दल फार लिहीत नाही. सात फूट लिहिलं होतं, टेपनं पावणेसात भरले. मापाची चूक अर्धी माझीही, मी दाराची चौकट मोजली होती. रॉड चौकटीच्या वर चार-सहा इंच बसतो आणि माप रॉडपासून घ्यायचं असतं, लादी पुसताना खाली अर्धा इंच मोकळा राहील एवढं सोडून. पण जोडीतला एक मोर दुसऱ्यापेक्षा चार बोटं वर छापलेला, ती चूक कुणाची? फोटोत दोघे चोचीला चोच लावून होते. पाकीट फोडलंय म्हणून परत घेतले नाहीत. मुलाला काही फरक पडत नाही, त्याला ते आवडतात.

शिलाई, मांजरपाट धरून खर्च चार हजारांच्या आसपास गेला. दिवाळीआधी आमच्या खोलीसाठी परत गांधीनगरला जायचंय, यावेळी विणीतलेच, आणि सगळे एकाच दिवशी. विटलेले निळे शिंपीमामांकडं दिलेत, त्यांच्या उश्यांच्या खोळी होताहेत. “पट्ट्यांचं कापड आणलंय व्हय?” मामांनी विचारलं. मी हो म्हटलं.