ड्राफ्ट गाइड: नोंदी झकास, क्रमवारी नाही पटली

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडायचा कार्यक्रम, जवळ आला की दरवर्षी तोच वाद पेटतो: अमुक कॉलेज क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) खरंच एवढा भारी आहे, की उगाच डोक्यावर घेतलाय? म्हणून यंदा पैसे मोजून खेळाडूंच्या नोंदी आणि क्रमवारी देणारा एक डिजिटल ड्राफ्ट गाइड घेतला.

क्वार्टरबॅकचा भाग मन लावून लिहिलाय. थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ-दहा यार्ड हवेत, समोरून ब्लिट्झ (जादा बचावपटूंची थेट धडक) येतोय, अशा वेळी पोरगा पॉकेटमध्ये (साथीदारांनी राखलेल्या जागेत) पाय रोवून उभा राहतो की आधीच मागे सरकतो? पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) अडकला तर नजर दुसऱ्याकडे जाते का? अशा नोंदी प्रत्येकाच्या आहेत. हायलाइट्समध्ये हे कधीच कळत नाही, आणि स्क्रीन पासवर (जवळच्या सोप्या पासवर) फुगलेली अचूकतेची टक्केवारीही लक्षात येत नाही.

क्रमवारीत मात्र उंची, हाताची ताकद आणि प्रो डेच्या (कॉलेजात एनएफएल संघांसमोर होणाऱ्या चाचणीच्या) चर्चेला फारच वजन दिलंय. 2017 मध्ये शिकागो बेअर्सनी एक जागा वर सरकून दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीला उचललं. कॉलेजात तो जेमतेम 13 सामने स्टार्टर होता! पुढे लीगचा मोठा तारा ठरलेला पॅट्रिक महोम्स मात्र दहावा गेला. उलट क्वार्टरबॅक जोश ॲलनला वायोमिंग विद्यापीठातल्या 56 टक्के अचूकतेवरून कित्येकांनी ओव्हररेटेड ठरवलं, आणि बफेलो संघात तो एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला. नुसत्या आकड्यावरही जाता येत नाही.

रिसीव्हरनी सोडलेले झेल आणि ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीचा) कच्चेपणा वेगळा दाखवला असता तर पाच तारे दिले असते. सध्या साडेतीन. नोंदींसाठी जरूर घ्या.