पोकर चिप्सचा 500 चा सेट: दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

घरी पाच-सहा जणांत बसायचं असेल तर हा सेट डोळे झाकून घ्या. पण संमेलनात, हॉलमध्ये, अठरा माणसं बसवून टूर्नामेंट घ्यायची असेल तर आधी कागद-पेन घेऊन बसा, मग पेटी मागवा. खोक्यावर 'टूर्नामेंट सेट' असं ठळक छापलंय, पण आतली वाटणी टूर्नामेंटची नाही. माझी मुख्य तक्रार हीच. बाकी बऱ्या-वाईट गोष्टी ओघात येतीलच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच साच्यातल्या चिप्स वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. ओळख सांगतो: कडेला फाशांची नक्षी, व्यास 39 मिलिमीटर, वजन 11.5 ग्रॅम, ॲल्युमिनियमची म्हणवणारी पेटी, पाच रंग, प्रत्येकी 100 चिप्स. आकडे 25, 100, 500, 1000 आणि 5000. सोबत पत्त्यांचे दोन कॅट, एक डीलर बटण (वाटणी कुणाची ते दाखवणारी चकती) आणि पाच फासे. फासे पोकरला लागतच नाहीत. आमच्याकडे ते लहान मुलांनी पहिल्याच दिवशी सापशिडीसाठी पळवले, बरंच झालं.

जाहिरातीत 'क्ले कंपोझिट' लिहिलेलं असतं. माती वगैरे काही नाही; प्लास्टिक आहे आणि वजन यावं म्हणून आत धातूची चकती बसवलेली आहे. वाईट आहे असं म्हणत नाही. हातात घेतल्यावर बरं वाटतं, आवाजही छान येतो. पण दुकानदार "14 ग्रॅमचा घ्या साहेब, कॅसिनोसारखा" म्हणाला तर हसून पुढे जा. कॅसिनोतल्या खऱ्या क्ले चिप्स साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात, म्हणजे आपल्या घरगुती सेटपेक्षा हलक्याच. आमच्यातले दोघे चोरला घाटातून गोव्याला जाऊन मांडवीतल्या बोटींवर बसून आलेले. त्यांनीही हा सेट हातात घेऊन "अरे, हा तर जड आहे" असंच म्हटलं. शिवाय 500 चिप्स म्हणजे पावणेसहा किलो नुसत्या चिप्सच. पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचं असेल तर 14 ग्रॅमचा मोह कुणी धरू नये.

आता वाटणीचं. आमचं संमेलन छंदवाल्यांचं: नाणी, टपाल तिकिटं, हॅम रेडिओ, क्यूब, बोर्ड गेम. दिवसभर मांडामांड आणि अदलाबदल, संध्याकाळी स्टॉल आवरले की पोकर. बेळगावात पत्ते म्हटलं की रमी, तीन पत्ती, नाहीतर मेंढीकोट, म्हणून टूर्नामेंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सुरुवातीला प्रत्येकाला सारख्याच चिप्स. चिपला पैशाची किंमत नाही. संपल्या की माणूस उठला. पत्ते बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम म्हणजे ब्लाइंड, आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते. ती वाढते म्हणून खेळ संपतो, नाहीतर आमचे काही सावध काका सकाळपर्यंत पत्ते टाकत बसतील.

ब्लाइंड 25/50 पासून (छोटा 25, मोठा 50) सुरू करायचे तर 25 आणि 100 च्या चिप्स प्रत्येकाकडे भरपूर हव्यात. प्रत्येकी आठ-आठ असल्या तर खेळ सुरळीत चालतो. पेटीत 25 च्या 100 आहेत, म्हणजे बारा जणांपर्यंत ठीक. अठरा जण बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच येतात, आणि मग दर डावाला सुटे मागायची झुंबड. सकाळी पाचशेची नोट घेऊन दूध आणायला गेल्यासारखं होतं. उलट 5000 च्या शंभरच्या शंभर चिप्स आमच्याकडे पेटीतून बाहेरच आल्या नाहीत. म्हणजे सेटचा पाचवा हिस्सा नुसता ओझं.

म्हणून संमेलनाआधी 25 आणि 100 च्या पन्नास-पन्नास सुट्या चिप्स वेगळ्या मागवल्या. त्या 25-25 च्या नळ्यांत मिळतात. रंगात किंचित फरक आहे, हिरवा जरा पोपटी आलाय, पण टेबलावर कुणी हरकत घेतली नाही. मग अठरा जणांसाठी हिशेब असा बसला: 25 च्या आठ, 100 च्या आठ, 500 च्या चार, 1000 च्या दोन. झाले 5000, एकूण बावीस चिप्स. पहिला मोठा ब्लाइंड 50, म्हणजे प्रत्येकाकडे शंभर मोठे ब्लाइंड. नवख्या माणसाला दोन-चार डाव चुकायला एवढी सवड पाहिजेच.

पुढच्या पायऱ्या: 25/50, 50/100, 75/150, 100/200, 150/300. इथे थांबून चहा, आणि चहाच्या वेळात 25 च्या सगळ्या चिप्स गोळा करायच्या, कारण यापुढे त्या लागत नाहीत. अठरा जणांच्या मिळून 144 चिप्स, म्हणजे 3600. त्या बदल्यात 500 च्या सात आणि 100 ची एक टेबलावर गेली की हिशेब जुळतो. मग 200/400, 300/600, 400/800, आणि पुन्हा थांबून 100 च्या चिप्स उचलायच्या. शेवटी 500/1000, 1000/2000, 1500/3000, 2000/4000. एकूण चिप्स 90,000 च्या, त्यामुळे 2000/4000 ला टेबलावर मोठे ब्लाइंड उरतात बावीस-तेवीस. तिथे सामना फार लांबत नाही. बारा पायऱ्या, पंधरा मिनिटांची एक, म्हणजे तीन तास आणि वर चहा. निपाणी-कोल्हापूरकडच्या मंडळींना परतीची गाडी गाठायची असते, म्हणून एकदा बारा मिनिटांच्या पायऱ्या लावल्या. खेळ सव्वा दोन-अडीच तासांत आटोपला, पण शेवटी शेवटी नशिबाचाच भाग जास्त झाला. मला पंधराच बरे वाटतात.

चिप्स उचलताना कुणाकडे 25 ची एखादी सुटी राहते. नियमाने तिच्यासाठी पत्ते वाटून चढाओढ लावतात: सुट्या चिपमागे एक पत्ता, ज्याचा पत्ता मोठा त्याला मोठी चिप, आणि या भानगडीत कुणालाही खेळातून बाद करायचं नाही. टूर्नामेंट चालवणाऱ्यांची टीडीए नावाची संघटना 2001 पासून अशा बाबींचे नियम ठरवत आली आहे. आम्ही ते वाचले, आणि शेवटी ज्याच्याकडे सुटी त्याला वरची चिप देऊन टाकली. एकूण बेरीज थोडी वाढते. मैत्रीच्या खेळात चालतंय की.

आकड्यांचा एक मोठा फायदा मात्र या सेटला द्यायलाच हवा. चिपवर नुसता आकडा आहे. रुपया नाही, डॉलर नाही. टिळकवाडीतला हॉल मागायला गेलो तेव्हा विश्वस्तांपैकी एका आजोबांनी पेटी उघडून बघितली आणि विचारलं, "पोरांनो, हे काय जुगार मांडालाय काय?" त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडच्या पेपरात अंदर-बाहरच्या अड्ड्यावर छापा पडल्याची बातमी काही नवी नाही, आणि पत्ते दिसले की लोकांना तेवढंच आठवतं. डॉलर छापलेल्या चिप्स असत्या तर आमचं बोलणं तिथेच संपलं असतं. आम्ही लिहूनच दिलं: प्रवेश फुकट, चिप विकत घ्यायची नाही, पुन्हा आत यायचं नाही, बक्षीस कुंद्याचा डबा आणि एक बोर्ड गेम. 2021 मध्ये कर्नाटक राज्याने पैजेच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारी दुरुस्ती केली, फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यातली मुख्य कलमं रद्द केली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. आमच्या टेबलावर ना ऑनलाइन ना पैसा, पण गावात याबद्दल अर्धवट ऐकलेलं फार असतं. कागद हातात असला की वाद वाढत नाही. टेबलाखालून पन्नास-शंभर लावणारा एखादा निघतोच. त्याला तिथल्या तिथे उठवावं, भीड धरू नये.

सेटसोबत हातांच्या (म्हणजे पत्त्यांच्या जुळणीच्या) क्रमवारीचं एक इंग्रजी कार्ड येतं. उपयोगाचं आहे, पण आपल्या लोकांना नेमकं जिथे अडतं ते त्यात नाही. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलट, फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. वडगावचे एक मामा सिक्वेन्स लावून चिप्स ओढायलाच लागले. समोर पाच बदाम उघडे. "असं कसं? आयुष्यभर खेळलोय मी!" त्यांना कारण सांगितलं तेव्हा कुठे पटलं. तीन पत्त्यांत सिक्वेन्स 720 प्रकारे होतो आणि कलर 1096 प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत स्ट्रेट 10,200 प्रकारे होतो आणि फ्लश 5,108 प्रकारे, म्हणून फ्लश दुर्मीळ. जे कमी वेळा येतं ते मोठं, दोन्हीकडे न्याय एकच. यानंतर आम्ही मराठी आणि कन्नड असं दुहेरी कार्ड छापून लॅमिनेट करून प्रत्येक जागेवर ठेवलं. हुबळीच्या मंडळींनाही सोपं गेलं. तसंही टेबलावर भाषेचं फारसं अडत नाही. "रेज माडतीन्री" (रक्कम वाढवतो) म्हटलं की अख्ख्या टेबलाला कळतं.

पत्त्यांचं सांगायला नको, पण सांगतो. सेटमधले कॅट कागदाचे, वरून प्लास्टिकचा लेप. दिवाळीत झकास होते. जून उजाडला, खानापूरकडून तो पाऊस सुरू झाला, आणि आठवड्याभरात पत्ते कमानीसारखे वाकले. इस्पिकचा एक्का तर पालथा असतानाही ओळखू यायला लागला, मग खेळायचं काय? पूर्ण प्लास्टिकचे कॅट वेगळे घ्या. महाग पडतात, पण ओल्या फडक्याने पुसता येतात, आणि भडंग खाऊन तोच हात पत्त्यांना लावणाऱ्यांच्या गावात हे महत्त्वाचं आहे. टेबलामागे दोन कॅट, पाठीचे रंग वेगळे: एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार. वेळ बराच वाचतो. संमेलनात एका संग्राहकाने सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा मांडला होता, दहा रंगांचे 120 गोल पत्ते. आमचे पोकरवाले तिथेच घोळका करून उभे होते, हे गोल पत्ते पिसायचे कसे यावर वाद घालत. (मलाही अजून नीट जमेल असं वाटत नाही.)

टेबलाला चटई घ्यावी का? केटरिंगवाल्यांची सनमायका लावलेली दोन टेबलं जोडली की नऊ माणसं बसतात, पण त्यावर पत्ता सरकत जातो आणि उचलता येत नाही. रबरी गुंडाळीची चटई एक आणली. वास जायला खूप वेळ लागला आणि कडा अजून वर येतात. दुसऱ्या टेबलावर सोलापुरी चादर ताणून बांधली. खरं सांगू, चादर जास्त चांगली. बाजारात हिरवी बनात मिळते तीही चालेल. टायमरला फोनवरचं कुठलंही फुकट ॲप पुरतं, फक्त वीज गेली तरी हॉलभर ऐकू येईल असा एक माणूस घसा घेऊन उभा ठेवा.

टिकाऊपणाबद्दल. चिप्सना काही झालेलं नाही, पडल्या, तुडवल्या गेल्या, एकही तुटली नाही. मधला आकड्याचा स्टिकर मात्र पावसाळ्यात काही चिप्सचा सुटायला लागलाय, 100 च्या जास्त. फेविक्विकचा थेंब लावून दाबला की बसतो. दुसरी खोट रंगांची: 100 काळी आणि 500 गर्द जांभळी. हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात, आणि कुणीतरी 400 म्हणून 2000 पुढे सरकवतो. आम्ही 500 च्या चिप्सच्या कडेला पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारून घेतली, तेव्हापासून भांडण नाही. पेटी ॲल्युमिनियमची नसून पुठ्ठ्यावर पत्रा मढवलेली आहे. बिजागरीचे रिव्हेट लवकरच निघाले. उद्यमबागच्या एका वर्कशॉपमध्ये चहाच्या पैशांत नवे ठोकून मिळाले आणि ते मूळच्यापेक्षा मजबूत आहेत. विकणाऱ्याकडे तक्रार केली होती, उत्तर आलं नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर 500 ची पेटी घेणार नाही. आकडे छापलेल्या सुट्या चिप्स हव्या त्या संख्येत घेईन, 25 आणि 100 च्या दीडशे-दीडशे, 500 आणि 1000 च्या शंभर-शंभर, आणि त्या पत्र्याच्या साध्या पेटीत ठेवीन. बारा जणांच्या आत खेळणाऱ्यांनी मात्र हा सेट जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला अर्धा तारा आकड्यापुढे डॉलर न छापल्याबद्दल.

आणि कुणाकडे याच फाशांच्या नक्षीच्या 25 च्या चिप्स जास्त असतील तर कळवा. बदल्यात 5000 च्या शंभर देतो, सगळ्या कोऱ्या आहेत. गोवावेसला येऊन घेऊन जा.