एचडीपीई ग्रो बॅग: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळ्यात कशी टिकते

ग्रो बॅगवर ‘१२ × १२’ लिहिलेलं असतं, त्याचे बाजारात दोन अर्थ चालतात आणि दोन्हींत दुपटीहून जास्त फरक पडतो. गोल तळ शिवलेल्या एचडीपीई (प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेल्या जाड कापडाच्या) बॅगेत पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा उंचीचा, दोन्ही इंचांत. अशी बॅग काठोकाठ भरली तर २२ लिटर धरते. नर्सरीतल्या काळ्या प्लास्टिक पिशवीचा पहिला आकडा मात्र सपाट पसरलेल्या पिशवीच्या रुंदीचा असतो. ती भरून गोल झाली की व्यास साडेसात इंचांच्या आसपास उरतो आणि आत जेमतेम ९ लिटर माती मावते. ऑनलाइन फोटोत दोन्ही सारख्याच मोठ्या दिसतात. म्हणून तळ वेगळा गोल कापून शिवलाय का, हे आधी पाहा. नुसती नळी खालून सीलबंद केलेली असेल तर ते माप सपाट रुंदीचं आहे.

एचडीपीई बॅगांची खरी मापं लिटरमध्ये अशी: ९ × ९ म्हणजे ९ लिटर, १२ × १२ म्हणजे २२, १५ × १५ म्हणजे ४३, १८ × १८ म्हणजे ७५ आणि २४ × ९ म्हणजे ६७. वरचे दोन इंच पाण्यासाठी मोकळे सोडायचे असतात, त्यामुळे १५ × १५ मध्ये प्रत्यक्षात ३७-३८ लिटरच मिश्रण जातं. किमतीची तुलना नगावर करू नका, लिटरवर करा. आणि बॅगेपेक्षा तिच्यात भरायच्या माती-खताचा खर्च जास्त येतो, हेही लक्षात ठेवा. तकलादू बॅग दुसऱ्या उन्हाळ्यात फाटली तर वाचवलेल्या पैशांपेक्षा नुकसान मोठं असतं, कारण फळांवर आलेलं झाड दुसरीकडे हलवता येत नाही.

जाडी घरच्या काट्यावर तपासा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या बॅगेला किमान २२० जीएसएम हवं. १५ × १५ आणि त्याहून मोठ्या मापांना २६० असेल तर उत्तम. छापलेल्या आकड्यावर विसंबायची गरज नाही. १२ × १२ च्या बॅगेला सुमारे ०.३६ चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे २२० जीएसएमची बॅग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ८० ग्रॅम तरी भरली पाहिजे. शिवण आणि बंद (हँडल) धरून थोडी जास्तच. १५ × १५ ला ०.५७ चौरस मीटर लागतं: २२० ला १२५ ग्रॅम, २६० ला १४८. साठ ग्रॅमची १२ × १२ ‘२२० जीएसएम’ म्हणून आली तर सरळ परत करा.

वजनाइतकंच यूव्ही स्टॅबिलायझेशन (उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकचं संरक्षण) महत्त्वाचं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ते नसेल तर मातीच्या पातळीवरचा मोकळा काठ आणि बंदांची शिवण आधी जातात: विणीवरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, मग पट्ट्या बोटांत चुरतात. चांगली बॅग साधारण तीन-चार उन्हाळे काढते. काठ दोन इंच बाहेर दुमडून ठेवला तर सर्वांत आधी मरणाऱ्या भागाला दुहेरी कापड मिळतं आणि तोंडही ताठ राहतं. हे बंद रिकामी किंवा अर्धी बॅग सरकवण्यापुरतेच आहेत. भरलेली १५ × १५ ओली असताना ४० किलोच्या घरात जाते. बंदाला धरून उचलली की शिवण उसवते आणि मुळांचा गड्डाही आतून तुटतो. भरलेली बॅग हलवायची तर तिच्याखाली फळी सरकवून हलवा.

रंगाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. बाहेरून पांढरी, आतून काळी हीच निवड योग्य. गडद हिरवी बॅग एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या बाजूने इतकी तापते की त्या भिंतीलगतची मुळं करपतात आणि माती ओली असूनही झाड माना टाकतं. त्यावर पाणी वाढवलं की राहिलेली मुळंही कुजतात.

भोकं: निम्मी झाडं इथेच मरतात

बऱ्याच बॅगांना चार भोकं तयार येतात, काहींना एकही नसतं. चार अपुरी आहेत. १२ × १२ ला सहा, १५ × १५ ला आठ, १८ × १८ ला दहा भोकं हवीत, प्रत्येक ८ ते १० मिलिमीटरचं. निम्मी तळाला आणि निम्मी बाजूला, तळापासून बोटभर उंचीवर. तळाची भोकं जमिनीला चिकटून बुजतात, तेव्हा बाजूची काम करतात. कात्रीने किंवा टोच्याने भोक पाडू नका. विणलेल्या पट्ट्या सुटत जातात आणि भोक महिन्याभरात फाटून मोठं होतं. मोकळ्या हवेत तापवलेली सळई टेकवली की पट्ट्यांची टोकं वितळून जुळतात आणि कड पक्की होते. आत विटांचे तुकडे किंवा खडी भरायची गरज नाही, त्याने फक्त माती कमी मावते. भोकांवर नारळाची शेंडी किंवा जाळीचा तुकडा पुरतो.

बॅग थेट स्लॅबवर कधीच ठेवू नका. विटांच्या दोन ओळींवर किंवा स्टँडवर ठेवली तर पाणी वाहून जातं, खालची जागा कोरडी राहते आणि भोकातून निघालेली मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये शिरत नाहीत. वजनाचाही विचार करा. वापरातल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला असतो. त्या हिशोबाने १५ × १५ च्या ओल्या बॅगा चौरस मीटरला तीन. मोठ्या बॅगा तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर मांडा, मधल्या स्लॅबवर छोट्या. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय १८ × १८ च्या रांगा लावू नयेत.

आत काय भरायचं

नुसती काळी माती भरली की बॅग निकामी होते. ती ओली असताना फुगते, सुकली की आकसून बॅगेच्या भिंतीपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून वाटतं पाणी भरपूर दिलं. गड्डा मात्र कोरडा. लाल किंवा पोयट्याची माती ४ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग आणि १५ × १५ मागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळी लागवडीसाठी कोकोपीट निम्मं करून तेवढी जाड वाळू घाला. कोकोपीटमध्ये क्षार असतात. भिजवून तीन पाणी निथळून टाकल्याशिवाय वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात. मिश्रण महिन्या-दोन महिन्यांत दोन-तीन इंच खाली बसतं, तेव्हा वरून गांडूळखताचा थर द्यायचा. बॅगेतलं अन्न पाण्याबरोबर धुपत राहतं, त्यामुळे १५ × १५ ला दर पंधरा दिवसांनी २०० ग्रॅम गांडूळखत किंवा दहापट पाण्यात मिसळलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) द्यावंच लागतं.

पावसाळा

बॅगेची खरी परीक्षा याच हंगामात होते. बॅगांमध्ये वीतभर अंतर ठेवा. जूनमध्ये भेंडी १२ × १२ ला एक झाड, गवार दोन. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. ते झाड औषधाने बरं होत नाही, उपटून टाका. वेलांना १८ × १८ आणि दोन वेल, त्याहून जास्त नाही. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारलं आणि काकडीची सकाळी. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे नर फुल तोडून मादी फुलाला लावायचं तर ही वेळ पाळावीच लागते. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलावर केलेली मेहनत वाया जाते.

इथेच बॅगेचा मोठा दोष समोर येतो. भिंती मऊ असल्यामुळे आत रोवलेली काठी वाऱ्याने हलते, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी मुळं सैल होतात. मांडव बॅगेत रोवू नका, कठड्याला किंवा स्वतंत्र चौकटीला बांधा. बॅगेखालची ओल गोगलगायींना आवडते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचा. मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर आफ्रिकन झेंडूचं बी सणाच्या सुमारे ९० दिवस आधी ट्रेमध्ये, छपराखाली पेरा. उघड्यावर पेरलं तर पावसाच्या माऱ्याने आणि मर रोगाने रोपं झोपतात. चार-पाच पानांवर आलेलं रोप १२ × १२ ला एक लावा. शेंडा खुडला तर फांद्या आणि फुलं वाढतात, पण फुलोरा पुढे जातो. तारीख गाठायची असेल तर खुडणी लावणीनंतर तीन आठवड्यांच्या आत उरका.

हिवाळा

ग्रो बॅग सर्वांत चांगली साथ देते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी. टोमॅटो आणि वांग्याला १५ × १५ ला एक झाड. १२ × १२ मध्ये टोमॅटो लागतो, पण फळाच्या बुडाला काळा, बसका डाग येतो. मिश्रण कमी, त्यामुळे ओल सारखी चढते-उतरते आणि कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून तो थांबत नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो. पाणी रोज एका वेळेला, सारखं द्या आणि वर पाचोळ्याचा दोन इंची थर ठेवा. मिरचीला १२ × १२ पुरते. गाजर-मुळ्याला किमान १२ इंच खोली हवी, आणि मिश्रणात कच्चं शेणखत असेल तर मुळाला फाटे फुटतात.

शेवंतीची जून-जुलैत लावलेली छाटणीची रोपं आता कळीवर येतात. ही लहान दिवसाची वनस्पती आहे: रात्र सलग अंधारी मिळाली तरच कळी धरते. गच्चीच्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या दिव्याच्या झोतात ठेवलेली बॅग पानांनी भरते आणि फुलत नाही. खत वाढवण्याआधी बॅगेची जागा बदला. ढगाळ हवेत मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला की ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण १ लिटर पाण्यात ढवळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

मेथी-पालक-कोथिंबिरीसाठी २४ × ९ ची गोल बॅग सर्रास विकली जाते, आणि मला ती घेण्यासारखी वाटत नाही. पालेभाजीला सहा इंच माती पुरते. या बॅगेत सात इंच भरले तरी ५० लिटरवर मिश्रण जातं, भिंती बाहेर झुकतात आणि मधल्या रोपांपर्यंत खुरपं पोचत नाही. त्याऐवजी २४ × १२ × ९ ची आयताकृती घ्या, कठड्यालगत नीट बसते. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाका करून पेरा आणि आठ-दहा दिवस उगवणीची वाट पाहा.

उन्हाळा

मार्चनंतर बॅगा एकमेकींना चिकटवून मांडा, म्हणजे आतल्यांच्या भिंतींवर ऊन येत नाही. पश्चिमेच्या बाहेरच्या रांगेला ओलं गोणपाट गुंडाळा. फळांवरच्या १५ × १५ ला दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागतं. पारा ३५ च्या वर राहू लागला की टोमॅटोचा परागकण निकामी होतो, फुलं गळतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये झाड जगवण्याचा खटाटोप करू नये. ती बॅग गवारीला किंवा चवळीला द्या. मोगरा मात्र याच हंगामाचा. डिसेंबरअखेर पाणी तोडायचं, जानेवारीत छाटून पानं काढायची, शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या लागतात. त्याला १५ × १५ हवी, आणि दर दोन-तीन वर्षांनी बाहेरची मुळं छाटून मिश्रण बदलावं लागतं.

फॅब्रिकची बॅग घ्यावी का, हा प्रश्न पावसाच्या प्रदेशात रास्त आहे. न विणलेल्या जाड कापडातून हवा खेळते, मुळं भिंतीला पोचून थांबतात आणि नवे फाटे फुटतात, पाणी साचत नाही. पण बॅग सगळ्या बाजूंनी सुकते. नागपूर-अकोल्याच्या मेमध्ये तिला सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागेल, आणि क्षारांचे पांढरे डाग स्लॅबवर उतरतील. कोकणातल्या गुलाबाला फॅब्रिक, देशावरच्या भाजीला पांढरी एचडीपीई, असा माझा कौल आहे.

मेमध्ये रिकामी झालेली बॅग उलटून मिश्रण मोकळं करा, मुळं काढा, पाण्याने ओलं करा आणि पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा. बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) बऱ्यापैकी मरतात. त्यात तिसरा भाग नवं गांडूळखत मिसळून पुन्हा भरा, पण वांगं, टोमॅटो, मिरची यांची बॅग त्याच कुळातल्या पिकाला लगेच देऊ नका. बॅग आतून साबणाने धुऊन उन्हात वाळवा. बोटांत पट्ट्या चुरू लागलेली बॅग मात्र पुन्हा भरू नका. तिचे तुकडे मातीत मिसळतात आणि वेचून निघत नाहीत. ती जाळायचीही नाही, सुक्या प्लास्टिकच्या कचऱ्यात वेगळी द्यायची.