कामोल्यी की पोर्तोफिनो?

इटलीतल्या जेनोआच्या पूर्वेला, एकाच डोंगराच्या दोन बाजूंना ही दोन गावं आहेत. हातात एकच दिवस असेल तर मी डोळे झाकून कामोल्यी सांगेन.

पोर्तोफिनो देखणं आहे, वादच नाही. चिमुकलं बंदर, वर सान जॉर्जोचं चर्च, कास्तेल्लो ब्राउन किल्ल्यावरून दिसणारा देखावा. पण गावात रेल्वे स्टेशन नाही. सांता मार्गेरिताला उतरून बस किंवा बोट धरायची आणि चौकात कॉफीचं बिल पाहून गप्प बसायचं. दोन तासांत उरकतं.

कामोल्यीला ट्रेन थेट येते. किनाऱ्यावरची उंच, रंगीत घरं निरखून पाहा: कित्येक खिडक्या, झडपा आणि त्यांच्या सावल्यासुद्धा नुसत्या भिंतीवर रंगवलेल्या आहेत! किनारा मात्र गोट्यांचा, चपला हव्यातच.

खाण्यातही कामोल्यीच सरस. शेजारच्या रेक्कोचा फोकाच्चा इथेही मिळतो: दोन पातळ पापुद्र्यांत वितळलेलं आंबूस चीज, वर भट्टीचे तपकिरी डाग. गरम असतानाच खावा. मेच्या दुसऱ्या रविवारी बंदरावर अवाढव्य कढईत मासे तळतात. शाकाहाऱ्यांना पेस्तोतला, म्हणजे तुळस-चीजच्या चटणीतला, त्रोफिये पास्ता आहे. फक्त त्यातल्या पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (जठरातलं, दूध गोठवणारं विकर) असतं, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं.

सान फ्रुत्तुओसोच्या मठाला दोन्हीकडून बोट जाते. तिथे गाडीरस्ताच नाही. समोर समुद्रात सुमारे 17 मीटर खोल 1954 साली बसवलेला ख्रिस्ताचा ब्राँझ पुतळा आहे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधीच पाहून ठेवा, नाहीतर डोंगर तुडवत या.