ईटीएस, एसबीएल की एससीपी: नेतृत्व बघून सभासद व्हायचं तर

ईव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी (ईटीएस), सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर (एसबीएल) आणि सोसायटी ऑफ ख्रिश्चन फिलॉसॉफर्स (एससीपी), अमेरिकेतल्या या तीन विद्वत्संस्थांपैकी कुठे नाव नोंदवावं, असा प्रश्न ईश्वरविज्ञानाच्या किंवा बायबल-अभ्यासाच्या संशोधकाला कधी ना कधी पडतोच. अशा वेळी यंदाचा अध्यक्ष कोण, हे बघून मत बनवणारे बरेच असतात. माझ्या मते ते नाव सगळ्यात शेवटी बघावं. ईटीएस आणि एसबीएलमध्ये अध्यक्षपद वर्षभराचं असतं. अध्यक्षाने वार्षिक अधिवेशनात एक मोठं भाषण द्यायचं, ते संस्थेच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि खुर्ची पुढच्याकडे जाते. खरं बघायचं ते वेगळंच: सभासदाला काढायचा अधिकार कोणाला, कुठल्या कलमाखाली आणि किती मतांनी?

ईव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे ईटीएस, 1949 मध्ये सिनसिनाटीत स्थापन झाली. तिच्या श्रद्धा-कलमाचं पहिलं वाक्य असं की केवळ बायबल, आणि संपूर्ण बायबल, हेच देवाचं लिखित वचन असून मूळ हस्तलिखितांत ते निर्दोष आहे. त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचं, वाक्य 1990 मध्ये जोडलं गेलं. यावर सभासदाने दर वर्षी नव्याने सही करायची. पूर्ण सभासदत्वासाठी थिऑलॉजीतली टीएचएमच्या (मास्टर ऑफ थिऑलॉजी) तोडीची पदवी लागते आणि मतदानाचा हक्क फक्त पूर्ण सभासदांना असतो. विद्यार्थी म्हणून आत जाणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं: अधिवेशनाला बसता येईल, निर्णयात वाटा नसेल.

या कलमाचा धाक कागदापुरता नाही. रॉबर्ट गंड्री यांनी 1982 मध्ये मत्तयच्या शुभवर्तमानावर भाष्यग्रंथ लिहिला. शुभवर्तमानातल्या काही कथा म्हणजे मिद्राश पद्धतीची (जुन्या ज्यू भाष्यांसारखी मूळ मजकूर फुलवून सांगणारी) साहित्यिक भर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कलमावर सही करायला त्यांची ना नव्हती, तरी पुढच्याच वर्षी 116 विरुद्ध 41 मतांनी सभासदांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. वीस वर्षांनी, 2003 मध्ये, प्रकरण आलं क्लार्क पिनॉक आणि जॉन सँडर्स यांचं. मानवाच्या भावी मुक्त निर्णयांचं निश्चित ज्ञान देवालाही आधी नसतं, असं मांडणारे हे दोघे. तक्रार केली रॉजर निकोल यांनी, जे संस्थेच्या संस्थापकांपैकी आणि माजी अध्यक्ष. पिनॉक यांनी आपल्या पुस्तकातली एक तळटीप बदलायची तयारी दाखवली आणि कार्यकारिणीचं समाधान झालं. सँडर्स यांना काढावं, अशी मात्र तिची शिफारस होती. काढण्यासाठी दोन तृतीयांश मतं हवी होती आणि सँडर्स यांच्याविरुद्ध पडली सुमारे 63 टक्के. दोघेही राहिले. निषेध म्हणून संस्था सोडली ती नॉर्मन गाइस्लर यांनी, आणि तेही माजी अध्यक्षच! दोन माजी अध्यक्ष एका बाजूला, सँडर्सपुरती कार्यकारिणीही त्यांच्याच बाजूला, तरी सभागृहाने ऐकलं नाही. ईटीएसच्या नेतृत्वाची ताकद किती आणि तिला आळा कुठे बसतो, हे मला या एका प्रसंगातून जेवढं कळलं तेवढं संस्थेची घटना वाचून कळलं नव्हतं.

मग 2007 चा मे महिना. पदावर असलेले अध्यक्ष फ्रान्सिस बेकविथ लहानपणीच्या रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये परतले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. सभासद राहायला हरकत नसावी, असं त्यांना आधी वाटत होतं, कारण कलमात कॅथॉलिकांना मज्जाव करणारा शब्द नाही. काही दिवसांत त्यांनी सभासदत्वही सोडलं. कार्यकारिणीने व्यक्तीविषयी आदर राखला, पण ‘केवळ बायबल’ आणि बायबलबरोबर चर्चची परंपराही प्रमाण मानणारी कॅथॉलिक भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत, हे स्पष्ट केलं. म्हणजे कलमाचा अर्थ लावताना अक्षरापेक्षा संस्थेच्या प्रोटेस्टंट परंपरेचं पारडं जड ठरतं. ज्याची मतं अजून घडताहेत, त्याने हा धडा विसरू नये.

सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर, एसबीएल, याच्या दुसऱ्या टोकाला. 1880 ची संस्था, श्रद्धेची अट नाही, त्यामुळे काटेकोरपणे तिला ख्रिस्ती म्हणताही येत नाही; 1970 मध्ये हॅरी ऑर्लिन्स्की हे ज्यू विद्वान तिचे अध्यक्ष होते. 1987 मध्ये एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि बायबलचा अभ्यास करणाऱ्याची नैतिक जबाबदारी काय, हाच त्यांनी भाषणाचा विषय केला. पद मानाचं असलं तरी भाषण कधी कधी अख्ख्या क्षेत्राची दिशा हलवतं, ते असं. रोजचा कारभार मात्र कार्यकारी संचालक आणि कौन्सिलकडे असतो. जॉन कुट्सको दशकाहून जास्त काळ संचालक होते. तेवढ्या काळात अध्यक्ष दर वर्षी नवा. तेव्हा इथे चौकशी करायची तर संचालकाची करा. अट नाही म्हणून कुरबुरी नाहीत, असंही नाही. चिकित्सक वृत्तीला तिलांजली देऊन संस्थेने श्रद्धाळूंसाठी दारं फारच सैल केली, असा आरोप करत रोनाल्ड हेंडल 2010 मध्ये जाहीरपणे बाहेर पडले. ईटीएसमधून कोणी जातो तो संस्था ढिली झाली म्हणून. एसबीएलमधूनही हेंडल गेले ते त्याच तक्रारीवर, फक्त उलट्या अंगाने.

सोसायटी ऑफ ख्रिश्चन फिलॉसॉफर्स, एससीपी, तत्त्वज्ञानवाल्यांसाठी. 1978 ची स्थापना, पहिले अध्यक्ष विल्यम ऑल्स्टन; पुढे ॲल्विन प्लँटिंगा, मॅरिलिन ॲडम्स, एलिओनोर स्टंप. रिफॉर्म्ड, एपिस्कोपल, कॅथॉलिक असे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे सगळे या यादीत बसतात. अध्यक्ष तीन वर्षांचा असल्याने त्याचा ठसा जास्त उमटतो, आणि त्याच्या शब्दांचं ओझंही वाढतं. 2016 मध्ये एका प्रादेशिक परिषदेत ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न समलैंगिकतेविषयी बोलले. त्यामुळे दुखावलेल्यांबद्दल अध्यक्ष मायकेल रे यांनी खेद व्यक्त केला आणि वाद पेटला तो त्या खेदावरूनच. अध्यक्ष स्वतःच्या वतीने बोलतो की सगळ्यांच्या, हे या संस्थेत मला अजून सैल वाटतं.

माझा कल विचाराल तर: बायबल निर्दोष आहे ही तुमची ठाम धारणा असेल आणि नोकरीही तशाच सेमिनरीत (धर्मोपदेशक घडवणाऱ्या महाविद्यालयात) हवी असेल, तर ईटीएस, तिथली माणसं, तिथली शिफारसपत्रं कामाला येतील. पीएचडीचा विषय पाठचिकित्सा (हस्तलिखितं ताडून मूळ मजकूर ठरवणं) किंवा इतिहास असेल आणि निष्कर्ष कुठे नेईल याचा भरवसा नसेल, तर एसबीएल. दोन्हीकडे नाव असलेले पुष्कळ आहेत. ईटीएसचं अधिवेशन साधारणपणे एसबीएलच्या आधी, त्याच आठवड्यात आणि बरेचदा त्याच शहरात भरतं, ते उगीच नाही. एकच पथ्य पाळा: ईटीएसच्या अर्जावर सही करण्याआधी 1978 चं निर्दोषत्वावरचं शिकागो निवेदन पूर्ण वाचा. 2006 पासून संस्था ‘निर्दोष’ म्हणजे काय हे समजून घ्यायला त्याकडेच बोट दाखवते, आणि अर्जावर मात्र दोनच वाक्यं असतात.